तिसरं लायसन्स



गेल्या लेखात स्विंडनचं बिऱ्हाड हलवून कॅलिफोर्नियाला आल्याची हकिकत लिहिली होती. त्यात एका ओळीत म्हटलं होतं की गाडीच्या लायसन्सचं काय झालं ते पुढे कधीतरी. ते 'कधीतरी' मी मुद्दाम लांबवत होतो, कारण त्या गोष्टीत मी नापास होतो. बाबांना फोनवर विचारलं, लिहू का? ते म्हणाले, "लिही की. पास झालेल्याची गोष्ट कोण वाचतं?"

तर ऐका.

माझं पहिलं लायसन्स बडोद्याचं, २००५ सालचं. स्कूटर बाबांनी शिकवली होती, पहाटे पोलो ग्राउंडवर, मागे बसून. कार शिकलो ती ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुती ८०० वर. तिला शिकवणाऱ्या काकांच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच होता, त्यामुळे ते तीन आठवडे गाडी मी चालवत होतो की काका, हे आजही सांगता येणार नाही. टेस्टच्या दिवशी गाडी थोडी पुढे नेली, थोडी मागे आणली, सही केली. खरं शिक्षण त्यानंतर गेंडा सर्कलला झालं. पुढचा रिक्षावाला डाव्या बाजूला पाय बाहेर काढतो तेव्हा तो डावीकडे वळणार आहे, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पण ते ज्याला कळत नाही त्याने बडोद्यात गाडी काढू नये.

२००९ मध्ये आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून बीई झालो, तीन वर्षांनी कंपनीने स्विंडनला पाठवलं. ब्रिटनमध्ये भारतीय लायसन्सवर १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तुम्ही पुन्हा शिकाऊ. पुढेमागे लाल 'एल' लावायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. लेखी परीक्षेत ५० प्रश्न, त्यातले ४३ बरोबर हवेत. मग पडद्यावर १४ चित्रफिती दाखवतात, त्यात पुढचा धोका दिसायला लागला की माऊस दाबायचा. मग रस्त्यावरची टेस्ट, साधारण ४० मिनिटांची.

स्विंडनमध्ये गाडी शिकणं म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यांनाच कळेल. तिथे एक 'मॅजिक राउंडअबाउट' आहे, १९७२ पासून. आपल्याकडे ज्याला सर्कल म्हणतात तसली पाच छोटी सर्कलं एका मोठ्या सर्कलभोवती मांडलेली. छोट्या सर्कलांत गाड्या घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात आणि मधल्यात उलट्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, नकाशा काढणाऱ्याला कोणीतरी मध्येच चहाला बोलावलं असावं. पण तिथे अपघात फारसे होत नाहीत, कारण सगळेच घाबरून हळू जातात.

स्विंडनमध्ये गोव्याची पुष्कळ मंडळी आहेत, हे तुमच्यापैकी गोवेकरांना सांगायला नको. आमच्या शेजारी सासष्टीचे एक अंकल राहायचे. रात्रपाळी करून आले की सकाळी मला घेऊन त्या राउंडअबाउटवर जायचे. मी पहिल्या टेस्टला नापास झालो होतो, कारण काय, तर 'अनावश्यक संकोच'! म्हणजे जाण्याजोगी फट असताना मी गेलो नाही. अंकल बाजूला बसून म्हणायचे, "भियेनाका. पळय आनी वच." बघ आणि जा. दुसऱ्या खेपेस, २०१४ मध्ये, पास झालो. त्यानंतर नऊ वर्षं तिथे गाडी चालवली, एकही अपघात नाही, एकही दंड नाही. ही नऊ वर्षं मी फार अभिमानाने सांगत असे. सांगत असे, असं का म्हणतो ते पुढे येईल.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही तिघं सनीव्हेलला आलो. मी, बायको आणि पाच वर्षांची लेक. पहिल्याच आठवड्यात कळलं की ब्रिटिश लायसन्स देऊन त्याच्या बदल्यात कॅलिफोर्नियाचं मिळत नाही. इंग्लंडच्या माणसाला वाटतं अमेरिका हा एक देश आहे. लायसन्सच्या बाबतीत ते पन्नास देश आहेत. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. काही राज्यं जर्मनी, फ्रान्स किंवा दक्षिण कोरियाचं लायसन्स बदलून देतात. कॅलिफोर्नियाचा असा करार कुठल्याच परदेशाशी नाही. पाहुणा म्हणून आलात तर तुमच्या देशाच्या लायसन्सवर खुशाल चालवा. पण इथे राहायला आलात, की दहा दिवसांत इथलं लायसन्स काढा, असा नियम. आणि त्या अर्जासाठी सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, जो नव्या माणसाला दहा दिवसांत हातात पडणं कठीण. तो येईपर्यंत आम्ही भाजी आणायलासुद्धा चालत जात होतो. कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर चालणारा माणूस दिसला की लोक गाडी थांबवून विचारतात, सगळं ठीक आहे ना?

नंबर आला, डीएमव्हीत गेलो. तिथे अंगठ्याचा ठसा, फोटो, डोळ्यांची तपासणी, आणि मग पडद्यावर ३६ प्रश्न. ३० बरोबर हवेत. अभ्यास आदल्या रात्री एकदा पुस्तिका चाळण्यापुरता. ३३ आले. मनात म्हटलं, हे तर हातचं काम. बायकोनेही त्याच दिवशी दिली. तिला ३६ पैकी ३६. तिने ती पुस्तिका दोनदा वाचली होती, पेन्सिलने खुणा करून. बडोद्यात तिने फक्त स्कूटी चालवली होती, स्विंडनमध्ये बस होती आणि मी होतो, त्यामुळे स्टिअरिंगला तिने कधी हात लावला नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लेखी परीक्षा पास झाल्यावर परमिट मिळतं. त्यावर गाडी चालवता येते, पण शेजारी अठराच्या वरचा लायसन्सवाला माणूस हवा. घरात आम्ही दोघं परमिटवाले. म्हणजे दोन आंधळे आणि हत्ती. जुनी टोयोटा घेतली होती, ती खाली पार्किंगमध्ये उभी. शनिवारी ऑफिसातला एक सहकारी यायचा. हैदराबादेत तीन पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला. त्याच्या शेजारी बसून मी तासभर फिरायचो. एरवी किल्ली खुंटीला.

सप्टेंबरातल्या एका रविवारी रात्री दोन वाजता लेकीला एकशे चार ताप. इस्पितळ आमच्यापासून चार मैलांवर. किल्ली खुंटीवर, गाडी खाली, आणि मी नऊ वर्षांचा अनुभवी ड्रायव्हर जिन्यात उभा. खरं सांगतो, किल्ली हातात घेतली होती. बायको म्हणाली, "आत्ता काही झालं तर विमा तरी लागेल का?" ठेवली. टॅक्सी मागवली. टॅक्सी आली तर तिच्यात मुलांची सीट नाही. इथे आठ वर्षांखालच्या मुलाला कार सीट लागतेच, तीही मागच्या बाजूला. मग मी खाली पळालो, आमच्या गाडीतली सीट उपसून काढली आणि मोबाइलच्या उजेडात दुसऱ्याच्या गाडीत बसवली. बायको लेकीला चादरीत गुंडाळून फुटपाथवर उभी. टॅक्सीवाला भला माणूस होता, पट्टे ओढायला त्याने मदत केली. तरी पंधरा मिनिटं गेली. तिला साधा व्हायरल ताप निघाला, पहाटे उतरला. पण ती पंधरा मिनिटं माझ्या डोक्यातून गेली नाहीत. सकाळी उठून मी रस्त्यावरच्या टेस्टसाठी जी सर्वांत जवळची तारीख दिसली ती घेतली. सहकारी म्हणाला, "अजून दोन-तीन शनिवार कर ना." मी म्हटलं, मला गाडी येते रे. फक्त बाजू बदलायची आहे.

आता ही 'फक्त बाजू' काय असते ते थोडं सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आधी लंडन आणि मग अमेरिका असा प्रवास करतात.

स्टिअरिंग डावीकडे असणं दोन दिवसांत अंगवळणी पडतं. गिअर नसल्यामुळे डावा पाय बेकार होतो, तोही आठवड्यात गप्प बसतो. वेग दोन्हीकडे मैलांत, ते एक बरं. शब्द बदलतात. आपण इंग्रजांकडून घेतलेले बोनेट, बूट, पेट्रोल इथे हूड, ट्रंक, गॅस होतात. टेस्टच्या आधी परीक्षक हाताच्या खुणा करायला लावतात, त्या इथे डाव्या हाताने करायच्या. हात सरळ बाहेर म्हणजे डावीकडे, कोपरातून वर म्हणजे उजवीकडे, खाली म्हणजे थांबतोय. मला रिक्षावाल्याचा पाय आठवला आणि हसू दाबावं लागलं.

खरी अडचण रस्त्यावर. इंग्लंडात लाल दिवा म्हणजे लाल दिवा, कोणीही कुठेही वळत नाही. इथे तशी पाटी नसेल तर लाल दिव्याला पूर्ण थांबून, रस्ता मोकळा आहे हे बघून उजवीकडे वळता येतं. इंग्लंडात सलग रेघ मारलेल्या सायकलपट्टीत गाडी घालणं म्हणजे गुन्हा; इथे उजवीकडे वळण्याआधी २०० फुटांच्या आत त्या पट्टीत शिरायचं असतं, नाही शिरलात तर चूक. राउंडअबाउट जवळजवळ नाहीतच. त्याऐवजी चौकात चारही बाजूंना 'स्टॉप'. चौघांनीही थांबायचं, जो आधी आला तो आधी जातो, बरोबर आले तर उजवीकडच्याला मान. पहिल्या दिवशी अशा चौकात आम्ही चौघं एकमेकांना हात करत अर्धा मिनिट उभे होतो, लग्नाच्या पंगतीत पहिल्या पाटावर कोणी बसावं तसे. स्कूलबस लाल दिवे लुकलुकवत उभी राहिली की मागच्यांनी तर थांबायचंच, पण साध्या दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. हा नियम मला फार आवडला.

हे सगळं मला माहीत होतं. पाठ होतं. आणि माहीत असल्याचा उपयोग झाला नाही.

टेस्टचा दिवस. गाडी आपलीच न्यायची, विमा आणि नोंदणीच्या कागदांसह. सहकारी सोबत आला आणि बाहेर बाकावर बसला. परीक्षक मध्यमवयीन बाई, शांत, हातात फळी. इथेही इंग्लंडसारख्याच पंधरा किरकोळ चुका माफ असतात. पण एक गंभीर चूक झाली की संपलं. आणि आपल्या गाडीत परीक्षकाच्या पायाशी ब्रेक नसतो. पहिली दहा मिनिटं छान गेली. लेन बदलताना मान वळवून खांद्यावरून बघत होतो, आरसा पुरत नाही म्हणून. मग एक सिग्नल आला, लाल. बाई म्हणाल्या, उजवीकडे वळा. मी थांबलो. पूर्ण थांबलो, चाकं स्थिर. स्वतःवर खूश झालो. मग बघितलं, रस्ता अगदी रिकामा. निघालो.

बाई ओरडल्या, "स्टॉप!"

मी ब्रेक मारला. माझ्या बोनेटपासून हातभर अंतरावरून, डावीकडून, एक बाई सायकलवर गेली. सायकलच्या मागे दोन चाकांची छोटी गाडी जोडलेली, नारिंगी झेंडा लावलेली, आणि तिच्यात हेल्मेट घातलेलं एक मूल. तिचा दिवा हिरवा होता. तिने वळून माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने नुसती मान हलवली आणि गेली.

मी उजवीकडे बघितलं होतं. बडोद्यात आणि स्विंडनमध्ये मिळून अठरा वर्षं, जवळच्या बाजूला वळताना गाड्या उजवीकडून येतात. इथे त्या डावीकडून येतात. उजवीकडचा रस्ता रिकामाच असणार, तिकडे गाड्या जातात, येत नाहीत. मी अगदी नीट, शहाण्या मुलासारखं, चुकीच्या बाजूला बघितलं होतं.

बाकी चुका फक्त चार होत्या. बाईंनी कागद दिला, 'परीक्षकाला हस्तक्षेप करावा लागला' या चौकोनात खूण. म्हणाल्या, "तुम्हाला गाडी चांगली येते. म्हणूनच सांभाळा." सहकाऱ्याने काहीच विचारलं नाही, किल्ली मागितली आणि स्वतः चालवत मला घरी सोडलं.

बायकोने दारातच चेहरा वाचला. पहिला प्रश्न, "कोणाला लागलं नाही ना?" नाही म्हटलं. मग ती कणीक मळायला गेली, आणि मी बराच वेळ लेकीच्या सायकलकडे बघत बसलो. स्विंडनमध्ये घाबरलो म्हणून नापास केलं होतं. इथे घाबरलो नाही म्हणून. आणि इथला निकाल जास्त बरोबर होता.

त्या रात्री बाबांचा फोन. पास झालास का? सांगितलं सगळं, सायकलसकट. नेहमी लगेच बोलणारे बाबा जरा थांबले. मग म्हणाले, "मी स्कूटर दिली." मला वाटलं दुरुस्तीला. "विकली रे. लायसन्स संपलं या महिन्यात, नवं करायला डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायचं होतं. गेलोच नाही. दांडिया बाजारात गेल्या महिन्यात एक पोरगी मध्ये आली, मला दिसलीच नाही. आईला बोललो नाहीये." पुढे आम्ही दोघांनी क्रिकेटबद्दल बोललो.

पुन्हा टेस्ट द्यायला चार आठवडे घेतले. यावेळी घाई नव्हती, आणि शिकवायला मास्तरीणही मिळाली. लेकीला इथल्या शाळेत रस्ता ओलांडायला शिकवलं होतं: आधी डावीकडे बघ, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. आपण लहानपणी नेमकं उलटं शिकलो. ती मागच्या सीटवरून प्रत्येक वळणावर म्हणायची, "लेफ्ट, राईट, लेफ्ट, बाबा!" शाळेत चालत सोडायला जाताना फुटपाथच्या कडेला उभं राहूनही म्हणायला लावायची. मी मोठ्याने म्हणायचो. शेजारपाजारच्या लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे. पण तोंडाने म्हटल्याशिवाय मान डावीकडे जात नव्हती, हे खरं. डोक्याला कळलं होतं, मानेला कळायला वेळ लागला.

नोव्हेंबरात पास झालो. किरकोळ चुका सहा, पहिल्या वेळेपेक्षा दोन जास्त. परीक्षक वेगळे होते. मी वळणावर पुटपुटतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, पण काही बोलले नाहीत. हातात तात्पुरता कागद मिळाला, कार्ड नंतर पोस्टाने आलं. त्यावर उंची, वजन, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, सगळं छापतात. वजन मी अर्जात जरा उदार मनाने कमी लिहिलं होतं, ते आता सरकारी झालं. विमा कंपनीने विचारलं, गाडी किती वर्षं चालवताय? मी म्हटलं अठरा. फोनवरचा मुलगा म्हणाला, "अमेरिकेत?" म्हटलं, तीन दिवस. त्याने तीन दिवस लिहिले आणि हप्ता त्याप्रमाणे सांगितला. काही कंपन्या परदेशातला अनुभव धरतात, तेव्हा ब्रिटनहून येणाऱ्यांनी तिथल्या विमा कंपनीकडून 'नो क्लेम'चं पत्र निघण्याआधीच घेऊन ठेवा. मी घेतलं नव्हतं. पण आता पूर्वीसारखं भांडावंसं वाटलं नाही. हप्ता भरला.

पास झालो त्या संध्याकाळी तिघं मिळून बाहेर जेवायला निघालो. मी ऐटीत किल्ली फिरवत गेलो, सवयीने उजवीकडचं दार उघडून बसलो, आणि पट्टा लावल्यावर लक्षात आलं की समोर स्टिअरिंग नाही.

बायको तोवर डावीकडून येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. "बस आता तिथेच," म्हणाली. "माझ्या शेजारी लायसन्सवाला माणूस लागतो ना? पुढच्या महिन्यात माझी टेस्ट आहे."

तिने आरसा नीट केला, इंडिकेटर दिला, आणि आधी डावीकडे बघितलं. तिला कोणी सांगावं लागलं नाही.